केस गेले, डाग राहिले!

सबमिशनची तारीख आपण विसरतो, पण कॅम्पस इंटरव्ह्यू किंवा ताईचं लग्न जवळ आलं की आरसा काही विसरत नाही! हनुवटीवरचे, वरच्या ओठावरचे केस, मुलांच्या मानेवर उतरलेली दाढी, या सगळ्याचा थ्रेडिंग-वॅक्सिंग करून कंटाळा येतो. मग कुणीतरी सांगतं, "लेझर करून टाक, कटकट संपेल." केस कमी होतात हे खरं. पण काहींच्या बाबतीत आठ-दहा दिवसांनी त्याच जागी तपकिरी-काळे डाग दिसू लागतात आणि नवीनच कटकट सुरू होते.

आंधळगाव, मोहाडी, तुमसर अशा गावांहून आलेल्या मुलामुलींची अडचण आणखी वेगळी. लेझरची सोय नागपूरला. शनिवारी बसने जायचं, सिटिंग करून परत यायचं. डाग दिसतो तेव्हा आपण असतो होस्टेलवर नाही तर घरी, आणि डॉक्टर कितीतरी किलोमीटर लांब. जवळ काय असतं? मेडिकल आणि ब्यूटी पार्लर. खरं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. डाग लेझरने पडतो, पण तो बिघडवतो आपला घायकुतेपणा. म्हणून हा लेख.

आधी थोडं फिजिक्स

"हा मुलींचा विषय" म्हणून पान उलटू नका, यात निम्मं तर आपल्याच अभ्यासक्रमातलं आहे. पहिला लेझर थिओडोर मैमन यांनी १९६० साली रूबीच्या कांडीतून काढला, तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर. पुढे १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. तो करणारे सी. कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले! त्यांच्या लेझरचा प्रकाश पाण्यात शोषला जातो, म्हणून तो त्वचा कापायला, खरवडायला वापरतात. केसांसाठी तो कामाचा नाही. पण त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या एका गटाने नीओडिमियम-यॅग लेझर चालवून दाखवला. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. सावळ्या त्वचेवरचे केस काढायला आज सर्वांत सुरक्षित समजला जातो तो हाच.

तो सुरक्षित का? केसाला काळा रंग देतं ते मेलॅनिन. लेझरचा प्रकाश हे मेलॅनिन शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजून निघतं. आता अडचण अशी की त्वचेलाही रंग मेलॅनिननेच येतो. लेझरला काही डोळे नाहीत, त्याला केसातलं आणि कातडीतलं मेलॅनिन सारखंच. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर काम सोपं. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी मेलॅनिन, त्यामुळे उष्णतेचा वाटा कातडीही घेते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली सुरू केलेल्या वर्गीकरणात आता त्वचेचे सहा प्रकार धरतात. बहुतेक भारतीय तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बसतात. तरंगलांबी जितकी जास्त, तितकं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश जास्त खोल जातो. म्हणून ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट किंवा ८१० च्या आसपासचा डायोड यांपेक्षा १०६४ वाला यॅग आपल्या वरच्या कातडीला कमी त्रास देतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आंधळगावच्या कोशाच्या कापडामुळे आपल्या भागाला विणकाम नवं नाही. कापड गिरणीत सुती कापडावरची बारीक लव जाळायला ते ज्योतीवरून वेगात नेतात. वेग बरोबर असेल तर लव जळते, कापड शाबूत राहतं. वेग चुकला की कापडच करपतं. लेझरचंही असंच आहे. कातडीचा वरचा पातळ थर काही मिलिसेकंदांत उष्णता सोडून देतो, केसाच्या जाड मुळाला मात्र त्यासाठी काही दशक मिलिसेकंद लागतात. पल्स या दोन काळांच्या मधली ठेवली आणि वरून गारवा दिला, तर कातडी निवत राहते आणि मूळ तापत जातं. अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली हा सिद्धांत मांडला. तरंगलांबी, पल्सचा काळ, ऊर्जा आणि गारवा या चौघांचं गणित त्वचेप्रमाणे बसलं नाही, की डाग पडण्याची शक्यता वाढते.

डाग म्हणजे नेमकं काय?

डाग म्हणजे मळ नव्हे, की घासून निघेल! कातडीला चटका बसला की आतून सूज येते. त्या गडबडीत रंग तयार करणाऱ्या पेशींना धोक्याचा संदेश मिळतो आणि त्या जास्तीचं मेलॅनिन बनवून आजूबाजूच्या पेशींना वाटतात. एका अर्थी ही कातडीने उघडलेली छत्रीच. मुरूम फोडल्यावर किंवा डास चावलेली जागा खाजवल्यावर जो काळा डाग राहतो, तो याच जातीचा.

हा जादा रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो. वरचा थर सतत झडून नवा येत असल्यामुळे तो हळूहळू फिकट होतो. त्याला काही आठवडे लागतात, कधी सहा महिने ते वर्षही. रंग खालच्या थरात झिरपला तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि फार हट्टी असतो. म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा : कातडीला पुन्हा सूज येईल असं काहीही करायचं नाही. पुढचं सगळं यातूनच निघतं.

घाबरण्याआधी ओळखा

१. सिटिंगनंतर काही तास ते दोन दिवस केसांच्या मुळाशी लाली आणि काटा आल्यासारखे बारीक उंचवटे दिसतात. हे अपेक्षित आहे.

२. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके म्हणजे जळालेल्या केसांची टोकं. एक ते तीन आठवड्यांत ती गळतात. चिमट्याने उपटू नका.

३. सपाट, तपकिरी, न दुखणारा डाग. आपला विषय हाच.

४. फोड, खपली, पू, किंवा यंत्राच्या तोंडाच्या आकाराचे चौकोनी-गोल चट्टे म्हणजे भाजलं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, फोटो काढून ठेवा.

५. पांढरा पडलेला, निळसर झालेला किंवा वर उचलून आलेला डाग घरी सांभाळायचा नाही, त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवायचा.

पहिले आठ दिवस

आग होत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. साध्या, बिनवासाच्या साबणाने किंवा फेसवॉशने हलकं धुवा, टॉवेलने रगडू नका. साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली पुरे. स्क्रब, ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग आणि वासाचा डिओ बंद. खपली आली तर ती आपली आपण पडू द्या, नखाने काढली की डाग पक्का! लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे रूममेटचे उपाय रूममेटकडेच राहू द्या. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे वाढतात, हे शास्त्राला चांगलं माहीत आहे.

पुढचे महिने : ऊन हाच खरा शत्रू

भंडारा जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन काय असतं, हे इथल्यांना सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत लोक दुपट्टा बांधतात तो उगाच नाही. उन्हातली अतिनील किरणं त्या पेशींना पुन्हा चेतवतात आणि फिका पडत आलेला डाग परत गडद होतो. लेझर करायचंच असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, वैशाखातल्या लग्नाच्या तोंडावर करू नका. थंडीचे महिने बरे, आणि तेही समारंभाच्या पुरेसे आधी.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. मोहरीएवढं लावून उपयोग नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. सावळ्या त्वचेत साधा दिसणारा प्रकाशही डाग गडद करू शकतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक चांगलं. महाग वाटत असेल तर घट्ट विणीचा दुपट्टा, टोपी, छत्री यांनीही मोठा फरक पडतो.

आणि एक खास आपल्यासाठी : वर्कशॉपमधलं आर्क वेल्डिंग! त्या ठिणगीतून निघणारी अतिनील किरणं उन्हापेक्षा कमी नाहीत. जॉब करताना तोंडावर पूर्ण शील्ड आणि अंगात फुल बाह्यांचा अॅप्रन हवाच. डाग असो वा नसो, हा नियम सर वारंवार सांगतात, आता कारणही कळलं.

कातडी पूर्ण शांत झाल्यावर डाग फिका करायला निअॅसिनमाइड, अॅझेलिक अॅसिड, व्हिटॅमिन सी अशी औषधं उपयोगी पडतात. मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. यातली अॅझेलिक अॅसिड आणि व्हिटॅमिन सी त्याचं काम मंदावतात, तर निअॅसिनमाइड तयार झालेलं मेलॅनिन शेजारच्या पेशींकडे जाण्याला अटकाव करतं. एका वेळी एकच सुरू करा. आग झाली की थांबा, कारण आग म्हणजे सूज आणि सूज म्हणजे नवा डाग. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळतात.

मेडिकलची ट्यूब आणि पार्लरची डबी

"भाऊ, डागावर काही द्या ना," म्हटलं की पुष्कळदा हातात येते ती स्टेरॉइडची मिश्र क्रीम. चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो, आपण खूश! मग सोडली की लाली, आग, पुरळ. म्हणून पुन्हा लावायची. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे ज्या केसांपायी लेझर केलं, तेच परत बोलावले! डॉक्टर लेझरनंतर दोन-तीन दिवस सौम्य स्टेरॉइड देतात ते सूज उतरवायला, आणि ते मोजून. औषध एकच, पण तीन दिवस आणि तीन महिने यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. ट्यूबवर लाल उभी रेघ आहे का पाहा, आणि घटकांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं वाचा. दिसली तर परत ठेवा.

पार्लरमधली नाव-गाव नसलेली डबी तर त्याहून वाईट. २०२२ साली अकोल्याच्या एका तरुण विद्यार्थिनीने, तिच्या आईने आणि बहिणीने गोरं करणारी अशीच एक क्रीम वापरली. तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला, तेव्हा मूळ त्या क्रीममधल्या पाऱ्यात सापडलं. २०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांतून ही बातमी आली. पारा टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा घेतो, एन्झाइम बंद पडतं आणि रंग उतरतो. पण पारा कातडीवर थांबत नाही, रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला पाराही दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी यांपैकी काहीच नाही, तिला नियम कोण विचारणार? अशी क्रीम लावत असाल आणि पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर ताबडतोब डॉक्टर गाठा आणि डबी सोबत न्या.

पुढच्या सिटिंगआधी

डाग असलेल्या जागी तो जाईपर्यंत लेझर नको. पुन्हा करताना विचारा : मशीन कोणतं, तरंगलांबी किती, आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का, माझ्या मागच्या सेटिंगची नोंद आहे का? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने हे विचारायला लाजायचं काय? मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. मधल्या काळात केस काढायचेच असतील तर रेझर चालेल, वॅक्सिंग-थ्रेडिंग नको. मुलींना केसांसोबत पाळीही अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण मग उपाय केसांच्या मुळाशी नाही, हार्मोन्सच्या मुळाशी हवा.

खर्चाची भीती वाटत असेल तर नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. गावी असाल तर सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.

शेवटी एक. डाग घालवायचा म्हणजे त्याचा रंग आजूबाजूच्या कातडीसारखा करायचा, गोरं व्हायचं नव्हे. कोशाचा मूळ रंग मधासारखा भुरा असतो, त्याला कुणी डाग म्हणत नाही, उलट जास्त पैसे मोजतो! तीन महिने सावली, सनस्क्रीन आणि धीर एवढं सांभाळा. तरीही डाग हलला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ आहेतच. फक्त मधल्या काळात कुणी प्रेमाने एखादी डबी पुढे केली, तर आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर तेच तुमचं उत्तर!