कौशल्यशिक्षण : कोणाला, कोठे आणि कसे?

दहावीचा निकाल लागला की पालक भेटीस येतात आणि विचारतात, "सर, पोराला आयटीआयला घालू का?" या प्रश्नाला आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे एकच ठरावीक उत्तर दिले. गुण चांगले असतील तर 'कॉलेजला घाला', कमी असतील तर 'आयटीआयला घाला'. या उत्तरातील दोष कबूल केल्यावाचून कौशल्यशिक्षणाच्या सुधारणेविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही. बुद्धी श्रेष्ठ आणि हात कनिष्ठ, हे ज्या समाजरचनेने ठरविले, तिचेच माप आम्ही आपल्या मुलांना लावीत आलो.

कौशल्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यांत काम मिळे. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र प्रवेश नसे. धोट्यातील कांडी बदलताना नवा धागा छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा हाती घ्यायला सवर्ण कामगार तयार नसत. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला आणि सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली करावीत, अशी मागणी केली.

या घटनेतून शिकण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्या माणसांच्या बोटांत कसब नव्हते असे नाही. विणकाम हे मागावर उभे राहूनच शिकता येते. ज्याला मागाजवळ जाऊच दिले नाही, तो विणकर होणार कसा? म्हणून कौशल्याचा प्रश्न हा प्रथम यंत्रापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न आहे. पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळात कारखान्यांसाठी तंत्रज्ञ घडविणारी प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. स्वातंत्र्यानंतर 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना आली व तिच्यातून आयटीआयचे जाळे उभे राहिले. 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसचा कायदा झाला आणि 1973 च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. मागापर्यंत पोहोचण्याचा जो हक्क 1928 साली मागावा लागला, तो अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आला.

आता आपल्या परिसराकडे पाहू. विठ्ठलवाडीहून कर्जतच्या दिशेने गाडीत बसले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके येतात. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी व मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसी आहे. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने आहेत. उल्हासनगर व अंबरनाथ येथे शासकीय आयटीआयही आहेत. म्हणजे यंत्रे आपल्या दारात आहेत आणि शिकणारी मुलेही आपल्याच घरात आहेत. या दोहोंमधील वाट मात्र अरुंद आहे. 2021 साली देशातील ऑर्डनन्स कारखान्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. सरकारी कारखान्यात चिकटले की जन्माची ददात मिटली, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब आजच्या मुलांना पुरणारा नाही.

2015 पासून 'स्किल इंडिया'च्या नावाने अल्पमुदतीचे अनेक वर्ग निघाले. काही आठवड्यांत वा महिन्यांत प्रमाणपत्र हाती येते, पण खऱ्या यंत्रावर हात बसलेला नसतो. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, ते उगीच नव्हे. जर्मनीत तर शिकणारा मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले दिवस व्यावसायिक शाळेत असतो, व शिकत असताना कारखाना त्याला वेतन देतो. आपल्याकडेही 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तेव्हा किती प्रमाणपत्रे वाटली, यावरून सुधारणेचे माप घेऊ नये; किती मुलांना कारखान्याचे फाटक उघडले, यावरून ते घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालकांनी प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर मान्य आहे काय? कार्यशाळेत प्रत्यक्ष यंत्रे आहेत काय, आणि मुलाला त्यांवर रोज किती वेळ मिळतो? शिक्षणानंतर अ‍ॅप्रेंटिसशिपची सोय कोठे होते? शिवाय हेही ध्यानात ठेवावे की आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि तेथून अभियांत्रिकी पदवीची वाट मोकळी आहे. मुलींनाही ही वाट तितकीच खुली आहे. त्यांना केवळ शिवणकामापुरते बांधून ठेवू नये.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे अधिक आहे. आपल्यापैकी जे कारखान्यांत पर्यवेक्षक आहेत, जे लहानमोठी वर्कशॉप चालवितात, त्यांनी आपल्या आस्थापनेत अ‍ॅप्रेंटिसच्या जागा भरल्या जातात की नाही, राखीव जागांवर आपली मुले येतात की नाही, याकडे लक्ष द्यावे. ज्यांनी शिलाई यंत्रावर उभी हयात घालविली पण हाती कागद नाही, त्यांना पूर्वानुभवाच्या आधारे प्रमाणपत्र मिळवून देण्यास मदत करावी. ओळखीपाळखीच्या बळावर दारे उघडणारी माणसे इतर समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या समाजात ती पहिली पिढी तुम्ही आहात.

आपल्या शाळेत आणि घरोघरी महामंगलसुत्ताचे पठण होते. त्यात तथागतांनी उत्तम मंगल कोणते हे सांगताना बहुश्रुतपणा आणि शिल्प, म्हणजे हाताचे कसब, ही दोन्ही एकाच गाथेत शेजारी शेजारी ठेवली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी जी जोडी बुद्धांनी बांधली, ती दहावीच्या गुणपत्रिकेवरून आम्ही तोडू नये. पुढच्या जूनमध्ये एखादा पालक तोच प्रश्न घेऊन येईल, तेव्हा मुलाचे गुण विचारण्याआधी त्याला कशाची आवड आहे, हे आम्ही विचारू.

जय भीम!