‘बाईपण भारी देवा’ : एकाच पडद्यापुढचे दोन प्रेक्षक

केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी, म्हणजे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, प्रदर्शित झाला आणि त्याच्याविषयी टोकाची परस्परविरोधी मते ऐकू येऊ लागली. संसाराच्या रगाड्यात एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब यांनी या बहिणी रंगवल्या असून बहुतेक जणी तारुण्य मागे टाकलेल्या आहेत, आणि अशा बायकांभोवती संपूर्ण चित्रपट उभा राहणे हीच मराठीत दुर्मीळ गोष्ट होय.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की सहा जणींची सहा दुखणी एका पटकथेत कोंबल्यामुळे एकीलाही पुरेसा अवकाश मिळत नाही, वर्षानुवर्षांचा अबोला खेळाच्या तालमीत विरघळून जातो आणि पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कुठे रडायचे ते आधीच सांगून टाकते. समीक्षेत याला भावविवशता म्हणतात, म्हणजे प्रसंगाने न कमावलेली भावना प्रेक्षकाकडून वसूल करणे. त्यातच हा चित्रपट हास्य आणि करुण यांची सांगड घालतो, आणि भारतीय काव्यशास्त्राने हे परस्परविरोधी रस मानले आहेत, त्यामुळे त्यांना एकाच घरात नांदवायचे तर सांधा फार जपून घालावा लागतो. राजेश मापुसकर यांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (२०१६) रुग्णालयात जमलेल्या गोतावळ्याच्या गमतीजमतींतून बापलेकांमधले न बोललेले दुःख हळूहळू वर येते आणि तो सांधा दिसतही नाही, त्या चित्रपटाला दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्या मानाने येथील शिवण ढोबळ आहे, हे मान्यच करावे लागते.

तरीही एवढ्याने या चित्रपटाच्या यशाचा उलगडा होत नाही, कारण पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात त्याची कमाई वाढली आणि एकूण गल्ला ७० कोटी रुपयांच्या पुढे गेला. ही वाढ तोंडी प्रसिद्धीची होती, म्हणजे पाहून आलेल्या बाईने बहिणीला, जावेला, शेजारणीला सांगितल्याची.

हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या पूर्वेकडील मांजरीसारखी वस्ती फार उपयोगी पडते. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आले. तेथे जुन्या गावठाणातील एकत्र कुटुंबे आणि नव्या सोसायट्यांतील चौकोनी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात, आणि चित्रपटासाठी दोघांनाही हडपसर-मगरपट्टा भागातील मॉल जवळचे पडतात. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने गौरीची पूजा करून रात्र जागवायची, हे मंगळागौरीचे व्रत प्रामुख्याने ब्राह्मण आणि इतर काही मोजक्या समाजांतले आहे. गावठाणातल्या शेतकरी घरांत मात्र फुगडी आणि झिम्मा रंगतो तो नागपंचमीला, माहेरपणाला आलेल्या लेकीबाळींचा. म्हणून व्रत परके असलेल्या प्रेक्षक स्त्रीलाही त्यातला खेळ आपला वाटू शकतो.

भट्टनायक या प्राचीन काव्यशास्त्रज्ञाने ‘साधारणीकरण’ ही कल्पना मांडली. पात्राचे दुःख त्या एका व्यक्तीचे न राहता सर्वांचे होते आणि रसिक ते स्वतःच्या तापाशिवाय अनुभवतो, असा तिचा आशय आहे. या चित्रपटाच्या बाबतीत जे घडले ते याच्या किंचित पुढचे होते, कारण येथे ताप पूर्णपणे गळून पडला नाही. काठापदराच्या साड्या नेसून, नथ घालून, गजरे माळून बायका घोळक्याने चित्रपटगृहात आल्या, आणि चित्रपट संपल्यावर पडद्यापुढच्या अरुंद जागेत, पर्स मैत्रिणीकडे सोपवून आणि पदर खोचून, त्यांनी फुगड्या घातल्या. स्वयंपाक, नोकरी, सासर आणि गुडघेदुखी यांच्या चक्रात कित्येक वर्षांत असे गरगर फिरण्याची सवड न मिळालेल्या बाईच्या डोळ्यांत त्या क्षणी जे पाणी येते, त्याला उसने म्हणणे अन्यायाचे आहे.

समीक्षक पटकथा पाहत होता आणि ही बाई आपले माहेर पाहत होती. दोघांनीही पाहिले ते खरेच होते. परंतु समीक्षकाने आपल्या उण्या-अधिकाच्या हिशेबात या दुसऱ्या प्रेक्षकाला जवळजवळ धरलेच नाही, ही त्याची चूक झाली, आणि चित्रपटकर्त्यांनी त्या प्रेक्षकाचे प्रेम मिळणारच म्हणून पटकथेवरचा शेवटचा हात राखून ठेवला, ही त्यांची. चाळिशी ओलांडलेल्या बाईसाठी यापुढे लिहिणाऱ्या लेखकांनी तिला इतकीच मोकळी फुगडी घालू द्यावी, पण तिच्या अबोल्याला अधिक वेळ द्यावा.