तुरा दिसतो दिवाळीनंतर, ठरतो पोळ्याच्या सुमारास



दिवाळी झाली की गट ऑफिसात एक ठरलेली तक्रार येते. गेल्या हंगामात एका सभासदांनी तर तुऱ्याचा झुपका आमच्या टेबलावरच आणून ठेवला. "साहेब, बेणंच खराब दिलं तुम्ही!" राग समजण्यासारखा आहे. पण तुरा हा रोग नव्हे. काही जातींना तो जास्त येतो, काहींना कमी, इतकेच.

उसाच्या पोंग्यात अगदी आत एक बारीकसा वाढीचा कोंब असतो. पाने आणि कांड्या तोच काढतो. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस साडेबारा तासांच्या आसपास येतो. ऊस पुरेसा वाढलेला असला, की पानांना ही खूण कळते. पानांतील जनुके मग एक प्रथिन तयार करतात, ते शेंड्याकडे जाते आणि तिथली फुलाची जनुके जागी होतात. पानातून असा निरोप जातो, हे चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९३७ च्या सुमारास मांडले. तो निरोप म्हणजे हेच प्रथिन, हे २००७ साली भातावर आणि मोहरीच्या कुळातील एका रोपट्यावर दिसून आले. त्या रोपट्यात 'वाढतच राहा' म्हणून कोंबाला धरून ठेवणारे जनुकही आहे. ते बिघडले तर शेंड्यालाच फूल येते आणि वाढ खुंटते.

म्हणजे तुरा दिसतो तेव्हा निर्णय होऊन दोन-तीन महिने उलटलेले असतात. मग खत टाका की पाणी द्या, त्या शेंड्याला नवी कांडी येत नाही.

मात्र लगेच नुकसान होते असेही नाही. काही आठवडे साखर टिकते. पुढे पांगशा फुटतात, ऊस आतून पोकळ पडून दशी पडते, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. ते नुकसान तुमचेही आणि कारखान्याचेही.

म्हणून तुरा दिसताच स्लिपबॉयकडे तारखेसह नोंद करा. दीड-दोन महिन्यांत तो प्लॉट तुटला पाहिजे. तोडणीचा क्रम लावताना आम्हाला ही नोंदच उपयोगी पडते. तुऱ्याचा ऊस बेण्याला मुळीच वापरू नका.

आणि तुऱ्याला शिव्याही देऊ नका. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९१२ पासून नव्या जाती निघाल्या, त्या तुऱ्यांचाच संकर करून!

— ऊस विकास अधिकारी