मूठभर धान्य आणि वाटपाचा हक्क

विद्यार्थी-अनुदान ही संकल्पना साधी आहे. विद्यार्थ्यांच्या हाती एक लहानसा निधी असतो. गावातल्या किंवा वस्तीतल्या तरुणांकडून कामांचे अर्ज मागवले जातात. विद्यार्थ्यांचीच समिती ते वाचते, जागेवर जाऊन पाहणी करते आणि कोणाला किती रक्कम द्यायची ते ठरवते. वाचनालयाचे कपाट, ओढ्यातला गाळ, मजुरांच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग अशी कामे त्यातून होतात. निधी गोळा करणे, अंगमेहनत करणे आणि वाटप ठरवणे असे या पद्धतीचे तीन भाग आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पहिल्या दोन भागांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिसरा भाग विद्यार्थ्यांच्या वाट्याला क्वचितच आला.

ही परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांपासून सुरू होते. त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भाऊरावांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आणि त्यांनी सहकाऱ्यांसह पहिला विद्यार्थी आश्रम काढला ते दुधगाव, ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ते काले हे गाव कराडजवळचे, सातारा जिल्ह्यातले. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यात आले आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहांचा खर्च कसा भागला, हे इथे पाहण्यासारखे आहे. मोठे देणगीदार नंतर आले. आधी आले ते घराघरांतले मूठभर धान्य. जात्यावर दळण बसण्यापूर्वी बायका एक मूठ ज्वारी किंवा बाजरी बाजूला काढून ठेवत आणि ती वसतिगृहाकडे जाई. याला मुष्टिफंड म्हणत. देणाऱ्याला ओझे वाटू नये आणि तरी प्रत्येक घराचा वाटा असावा, असे हे गणित होते. मुले स्वतः स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात आणि बागेत राबत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी उभी राहिली. तिचे कर्ज घेऊन शिकायचे आणि कमावते झाल्यावर ते फेडायचे, म्हणजे मागून येणाऱ्या मुलाला ते मिळते. दान घेणारा इथे पुढे देणारा होतो. आपल्याकडच्या विद्यार्थी-निधीच्या कल्पनेला याहून जवळचा पूर्वज सापडणे कठीण आहे.

‘कमवा आणि शिका’ हे सूत्र साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये आणि १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये रुजले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी तेच सूत्र विद्यापीठाच्या आवारात आणले. मात्र या साऱ्या योजनांत विद्यार्थ्याच्या कष्टाचा मोबदला त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी असतो. गावाच्या कामासाठी विद्यार्थी बाहेर पडू लागला तो राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, असा तिचा साचा आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली गावे अशा शिबिरांना चांगली परिचित आहेत. परंतु शिबिराचा निधी स्वयंसेवकांच्या संख्येनुसार येतो आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेले प्राध्यापक तो खर्च करतात. सल्लागार समितीत विद्यार्थी असतात, पण त्यांच्या हातात फावडे आणि घमेले जितक्या सहज पडतात तितक्या सहज अंदाजपत्रक पडत नाही.

यात एक विसंगती आहे. अठरा वर्षे पूर्ण करून मतदारयादीत नाव नोंदवलेला तरुण आपल्या गावच्या ग्रामसभेचा सदस्य असतो. पंचायतीच्या खर्चावर तो प्रश्न विचारू शकतो, ठरावाला विरोध करू शकतो. तोच तरुण महाविद्यालयात मात्र आपल्या शुल्कातून जमलेल्या पैशाबद्दल फारसे काही ठरवू शकत नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदांच्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांना पुन्हा वाट करून दिली, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. ज्याला निवडून येता येत नाही आणि ज्याच्याकडे हिशेबही नाही, त्याला निधी सांभाळायची सवय कुठून लागणार?

वाटप गावानेच ठरवण्याचे एक ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातच घडले. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी बळीराजा स्मृती धरण बांधले. मुक्तिसंघर्ष चळवळीतले तरुण कार्यकर्ते, मुंबईच्या गिरणी संपाचा अनुभव घेऊन परतलेले कामगार आणि बाहेरचे अभियंते त्यात होते. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मर्यादित वाळू गावानेच विकावी आणि त्या पैशातून धरण व्हावे, ही मागणी चळवळीने लढून मिळवली. पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला, हेही आधीच ठरले होते. हे विद्यार्थ्यांचे धरण नव्हते. तरीही तरुणांनी पैशाचा उगम शोधणे, त्यावर हक्क सांगणे आणि फळाच्या वाटपाचा नियम आधी लिहून ठेवणे, हा क्रम कोणत्याही विद्यार्थी-निधीला लागू पडतो.

विद्यार्थ्यांनीच वाटप ठरवण्याचे उदाहरण मात्र दूरचे आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस केलॉग फाउंडेशनच्या मदतीने स्थानिक निधी-संस्थांमध्ये तरुणांच्या सल्लागार समित्या सुरू झाल्या. शाळकरी मुले अर्ज वाचून अनुदान ठरवू लागली. ही पद्धत तिथे टिकली, कारण मूळ रक्कम कायम राहते आणि फक्त तिचे उत्पन्न वाटले जाते.

सातारा-सांगलीत असा निधी उभारायचा तर कायद्याची वाट बिकट नाही. सज्ञान नसलेल्या मुलाचा करार १८७२ च्या करार कायद्यानुसार ग्राह्य नसतो, म्हणून शाळेतल्या निधीचे खाते नोंदणीकृत संस्थेच्या नावे ठेवावे लागते. महाविद्यालयातील सज्ञान विद्यार्थी सात सभासद जमवून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवू शकतात आणि पुढची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. लेखापरीक्षण अनिवार्य असते. रक्कम हप्त्यांनी द्यावी, दुसरा हप्ता पहिल्याच्या पावत्या पाहून द्यावा आणि अर्जदाराच्या नात्यातल्या सदस्याने त्या बैठकीत मत देऊ नये. नकाराचे कारण लेखी कळवणे हे सर्वांत अवघड काम आहे, कारण गाव लहान असते आणि नकार मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच एसटीत शेजारी बसलेला असतो. एका महाविद्यालयाने दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून दहा रुपये घेतले, तर दोन हजार विद्यार्थ्यांचे वीस हजार रुपये होतात. पाच हजारांची चार कामे त्यात बसतात.