टोळीबरोबर पुस्तकंही जाऊ द्या

दसरा झाला की जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला जायची बांधाबांध सुरू होते. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, एखादी शेळी आणि सगळ्यांवर लेकरं बसतात. कारखान्याच्या फडाजवळ कोपी उभी राहते. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्या लेकरांत एखादं दुसरीतलं असतं. त्याला नुकतीच कुठे वेलांटी वाचता येऊ लागलेली असते. त्या वेलांटीचं पुढे काय होतं, याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासात सापडतं.

बोलणं मुलाला कुणी पाटीवर शिकवत नाही. माणसांत वाढलं की ते येतं. वाचन तसं येत नाही. लिपी जन्माला येऊन पाचेक हजार वर्षं झाली आणि एवढ्या अवधीत मेंदूत वाचनासाठी उपजत जागा तयार होणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येक मुलाच्या मेंदूला जुनीच जागा नव्या कामाला लावावी लागते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला डावीकडचा एक लहानसा पट्टा अक्षरं ओळखू लागतो आणि सरावाने त्याची जोडणी उच्चार व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी होते. फ्रान्समधले शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणीच शाळेत गेलेल्या माणसांचे मेंदू तपासून हे दाखवलं.

मला त्याहून जवळचा वाटतो तो लखनौजवळच्या खेड्यांत झालेला अभ्यास. तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक बायाच होत्या, सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरते नव्हते. डोळ्यांकडून येणारी माहिती पुढे पाठवणाऱ्या खोलवरच्या भागांपर्यंत ते पोचले होते. सहा महिन्यांत! ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच असतो.

आपली लिपी नियमबद्ध आहे, पण सोपी नाही. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारात मात्र ती ‘क’च्या नंतर. हिंदी वाचणाऱ्यांवरच्या 2002 च्या एका अभ्यासात अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं होतं. शिवाय बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या कामातून दिसतं की अक्षरांची ही ओळख पहिलीत संपत नाही, पुढच्या इयत्तांमध्येही ती चालूच राहते. याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला, तो उगीच नाही. अक्षराला वेळ द्यावा लागतो.

वेळ मिळाला नाही तर मूल अक्षर-अक्षर लावत वाचतं आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतं. सगळं लक्ष ओळखण्यातच खर्च होतं, अर्थासाठी काही उरत नाही. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये याचा सोपा हिशेब मांडला: वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य येतं.

दुसऱ्या बाजूला हे पोर मुळीच शून्य नसतं. मोळी, पाचट, वाढे, कोयता, काटा, बैलाचं दुखणं, रात्रीची गाडी भरणं हे सगळं त्याला ठाऊक असतं. 1988 मध्ये अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी बेसबॉलवरचा एक उतारा मुलांना वाचायला दिला. खेळ माहीत असलेल्या, पण वाचनात कच्च्या मुलांना तो खेळ माहीत नसलेल्या हुशार वाचकांपेक्षा चांगला समजला. फडावरच्या लेकराच्या हाती फडाचं जग असलेलं पुस्तक पडलं, तर त्याचंही असंच होईल, असं मला ठामपणे वाटतं.

खंड पडला की काय होतं, हे देशाने एकदा पाहिलं आहे. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलं 2018 मध्ये 50.5 टक्के होती. कोविडकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर 2022 मध्ये ती 42.8 टक्क्यांवर आली. 2024 मध्ये 48.8 पर्यंत सावरली. आपण सगळे हळहळलो. ऊसतोडीच्या लेकरांच्या वाट्याला असा खंड दरवर्षी येतो आणि सावरायला मधे वर्षंच मिळत नाहीत.

हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं आजी-आजोबांपाशी गावातच राहतात. ती नीट चालली पाहिजेत. पण जी जातात, त्यांचं काय? अमेरिकेतल्या फ्लोरिडात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या मुलांना लागोपाठ तीन वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, त्यांनी स्वतः निवडलेली 12 पुस्तकं दिली. शिकवणी नाही, परीक्षा नाही. तरी त्या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरलं.

मुलीच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे जाते. फडावर धाकट्याला सांभाळायला तीच बसते. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता 81.53 टक्के आणि बायांची 60.95 टक्के होती. मुर्ती, गिओ आणि ज्याँ द्रेझ यांनी भारतातल्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासून 1995 मध्ये दाखवून दिलं, की जिथे बाया जास्त शिकलेल्या, तिथे बालमृत्यू कमी. कोपीत मोठ्याने वाचणाऱ्या मुलीचा फायदा तिच्या मार्कांपुरता उरत नाही. तिचं वाचन ऐकणारी आई असते, धाकटा भाऊ असतो, उद्या तिचं लेकरू असेल.

पुस्तकं शाळांत आहेत. पण ती बऱ्याच ठिकाणी कुलपात असतात, कारण हरवली तर नोंदवहीत काय दाखवायचं, ही गुरुजींची काळजी. गोष्टींची खुल्या परवान्याची मराठी पुस्तकं ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापून देता येतात. म्हणून मुख्याध्यापकांना, सरपंचांना, गावच्या वाचनालयाला माझी एक विनंती आहे. यंदा ट्रॉली हलण्याआधी प्रत्येक लेकराला त्याने निवडलेली बारा पुस्तकं द्या. उन्हाळ्यात ती फाटून, भिजून, चुलीच्या धुराने काळी होऊन परत आली, किंवा आलीच नाहीत, तरी त्याच्याकडे हिशेब मागू नका.