डागाने लंगडणं बरं होत नाही

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की लंगडणारे बैल दिसू लागतात. भरलेली गाडी, डांबरी उतार, झिजलेली पत्री. बैल घसरतो, गुडघ्यावर येतो किंवा फऱ्यात लचक भरते. मग अड्ड्यावरचा कुणीतरी जाणता माणूस हमखास सांगतो, ‘डाग द्या, आठ दिवसांत पळायला लागेल.’ विळा लाल होईपर्यंत तापवतात, बैल पाडून पाय बांधतात आणि दुखऱ्या सांध्यावर फुल्या ओढतात. हे इतक्यांदा ऐकलं आहे आणि त्याच्या खुणा इतक्या जनावरांच्या कातडीवर पाहिल्या आहेत, की आता ते गप्प बसून ऐकवत नाही.

समजूत अशी, की आत साकळलेलं रक्त आणि वारं डागाच्या वाटेने बाहेर पडतं. तसं काहीही होत नाही. डागाने कातडी जळते, एवढंच. दुखावलेला सांधा, ताणलेली कंडरा किंवा चिरलेलं हाड त्या कातडीच्या खाली असतं आणि ते जसंच्या तसं राहतं. म्हणजे जनावराला आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली. भाजलेल्या जागेवर माश्या बसतात, अळ्या पडतात, धनुर्वाताची भीती राहते. वेदनेने जनावर वैरण टाकतं आणि अशक्त होतं. आपल्या पोराचा पाय मुरगळला तर त्यावर तापलेला विळा ठेवायची कल्पना तरी आपल्याला सहन होईल का?

‘पण आमच्या बैलाला गुण आला ना!’ हे उत्तर ठरलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. बैल बरा झालेला असतो, पण डागाने नव्हे. मुका मार आणि साधी लचक दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप भरून येते. एरवी ज्या बैलाला तिसऱ्या दिवशी जुंपलं असतं, त्याला डाग दिल्यामुळे विश्रांती मिळते. औषध खरं तर ती विश्रांती असते, श्रेय विळ्याला जातं. ज्यांना गुण आला नाही ते बैल बाजारात विकले जातात आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना युरोपातही पिढ्यान्‌पिढ्या असंच डागत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दुखावलेल्या कंडरांवर हे तपासून पाहिलं आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले: डागण्याने कंडरा भरून यायला काहीही मदत होत नाही. पुढे १९९१ मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने या उपचाराला कसलंही समर्थन नाही, असं जाहीर केलं. घोड्याची कंडरा आणि बैलाची कंडरा भरून यायची रीत एकच आहे.

डागामुळे सगळ्यात मोठं नुकसान होतं ते खरं दुखणं ओळखायला उशीर झाल्याने. बैल मागचा पाय ताठ धरून फरफटवतो, मध्येच झटका देऊन पुढे टाकतो, तेव्हा पुष्कळदा मागच्या पायाची वाटी अडकलेली असते. त्यावर जागा बधिर करून वाटीचा एक बंध कापायची लहानशी शस्त्रक्रिया असते. ती काही मिनिटांत होते आणि अनेक जनावरं लगेच सरळ चालू लागतात. या बैलांचे फरे मी डागांनी भरलेले पाहिले आहेत. त्यातलं प्रत्येक भाजणं टाळता आलं असतं.

मग पाय धरला तर करायचं काय? आधी खूर उचलून पाहा. खिळा, काच, खडा तिथेच सापडायची शक्यता मोठी असते. ताज्या सुजेवर पहिले दोन दिवस थंड पाण्याची धार धरा, शेक त्यानंतर. मऊ, कोरड्या जागी बांधा आणि पाय पूर्ण टेकेपर्यंत जुंपू नका. पाय लोंबत असेल, सांधा गरम लागत असेल किंवा दोन दिवसांत उतार नसेल, तर डॉक्टरांना बोलवा.

आता बाकीचे गैरसमज. जखमेतल्या अळ्यांवर फिनाईल, रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका, त्याने जिवंत मांसही जळतं. टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवला की अळ्या वर येतात, त्या चिमट्याने वेचायच्या. हळद चालेल, पण जखम धुतल्यावर. घाणीवर थापलेली हळद घाणच झाकते. ‘मोडलेलं हाड जुळत नाही’ हेही खरं नाही: शेळीचा, वासराचा गुडघ्याखालचा पाय प्लास्टरमध्ये चांगला जुळतो, भारी बैलाचं मात्र अवघड असतं. बसलेलं जनावर उठत नाही म्हणून त्याची आशा सोडू नका. पाचटाचा जाड थर द्या, उराच्या आधाराने बसतं करा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला, कारण कडक जमिनीवर एकाच कुशीवर पडून राहिल्याने खालचे स्नायू मरतात.

आणि घरातलं डायक्लोफिनॅक टोचू नका. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मरतात. ‘नेचर’ नियतकालिकात २००४ मध्ये हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. वेदनेवर मेलॉक्सिकॅम आहे, डॉक्टरांना तेच मागा.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. विळा चुलीत घालण्याआधी तो फिरवा.