पंधरा किलो फॉइल

रायपूरपासून दोनशे किलोमीटरवर कोरबा. १९६५ साली स्थापन झालेल्या बाल्कोचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना तिथे आहे. त्यामुळे रायपूरच्या उरला किंवा सिलतरा औद्योगिक क्षेत्रात कुणी औषधी गोळ्यांसाठी फॉइल छापण्याचा धंदा काढला, तर कच्चा माल दारातच आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तो दारातून निघून लांब जातो. अ‍ॅल्युमिनापासून धातू काढणे हे एक काम. तो धातू लाटत लाटत २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शापर्यंत पातळ करणे आणि तरी त्यात भोक पडू न देणे, हे निराळ्याच गिरणीचे काम. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा भाव लंडनच्या धातुबाजाराकडे बघून ठरतो. कोरब्याच्या शेजाऱ्याला त्यात काही वेगळी सूट मिळत नाही.

गोळ्यांचे पाकीट बनते कसे, हे आधी पाहू. पारदर्शक खळगे असतात ती बाजू बहुधा पीव्हीसीची, पाव मिलिमीटर जाड. औषध कंपनीच्या यंत्रावर ही फिल्म तापते, साच्यावर दाबली जाते, खळगे उठतात, त्यांत गोळ्या पडतात. वरून फॉइलचा रोल उलगडत येतो. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला छपाई असते आणि आतल्या अंगाला उष्णतेने चिकटणाऱ्या लॅकरचा पातळ थर. गरम रोलरखालून दोन्ही थर गेले की ते एकजीव होतात. तापमान, दाब आणि वेग ही तिन्ही गणिते जुळावी लागतात. लॅकर कमी पडले तर पट्टी उसवते. उष्णता जास्त झाली तर फिल्म आक्रसते आणि पट्टी केळीच्या सालीसारखी वळते.

पाकीट बनवणारा कारखानदार गोळीला हातही लावत नाही. तो फक्त रोल पुरवतो. पण पट्टी गळली तर पहिला फोन त्यालाच येतो.

गळती तपासायची पद्धत साधी आहे. जाड काचेच्या भांड्यात मिथिलीन ब्लूचे निळे पाणी घेतात, त्यात पट्ट्या बुडवतात, झाकण लावून पंपाने भांड्यातली हवा ओढून घेतात. पट्टीत कुठे फट असेल तर तिथून बुडबुडे निघतात. मग हवा परत आत सोडतात. फटीतून निळे पाणी आत शिरते. पट्ट्या बाहेर काढून पुसायच्या आणि एकेक खळगा फोडून बघायचा. पांढऱ्या गोळीवर निळा ठिपका दिसला की वाद संपला. म्हणजे गळती आहे एवढे ठरले. दोष फॉइलचा, फिल्मचा की यंत्र चालवणाऱ्याचा, हा वाद तिथून पुढे सुरू होतो.

रायपूरमध्ये या सगळ्याला हवामानाची जोड मिळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या अखेरीपासून हवा दमट होते. साधे पीव्हीसी पाण्याची वाफ पूर्ण अडवत नाही. गरम, दमट हवेत एक चौरस मीटर फिल्ममधून दिवसाला साधारण तीन ग्रॅम वाफ आत जाऊ शकते. पीव्हीडीसीचा लेप दिला तर हे प्रमाण बरेच घटते. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या ‘अ‍ॅलू-अ‍ॅलू’ पट्टीत ते जवळपास शून्यावर येते, पण खर्च बराच वाढतो. रायपूरहून निघालेला खोका केशकालचा घाट चढून बस्तरात जातो आणि एखाद्या आरोग्य उपकेंद्राच्या पत्र्याखालच्या खोलीत दोन पावसाळे काढतो. ओल धरणाऱ्या गोळीला तिथे साधे पीव्हीसी पुरत नाही. स्वस्त निविदेत मात्र बहुतेकदा तेच बसते.

धूळ हे दुसरे दुखणे. रायपूरच्या उद्योगांत मोठा वाटा स्पंज आयर्न आणि पोलादाचा. गच्चीवर बसणारी काळी धूळ इथल्या घराघरांत ओळखीची आहे. लॅकरखाली असा एक कण अडकला तरी तिथला जोड कच्चा राहतो. म्हणून छपाईची खोली बंद, गाळलेल्या हवेची लागते. त्या हवेचे वीजबिल शेजारच्या रोलिंग मिलच्या बिलापुढे किरकोळ असेल, पण छोट्या कारखान्याच्या हिशेबात ते चांगलेच टोचते.

तरीही माझ्या मते खरी अडचण धूळ, ऊन किंवा कच्चा माल यांपैकी कशातच नाही. ती ऑर्डरच्या आकारात आहे. हिशेब करून बघा. पाच लाख गोळ्यांची बॅच ऐकायला मोठी वाटते. दहाच्या पट्टीने झाल्या पन्नास हजार पट्ट्या. एक पट्टी साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद धरली, तर एकूण फॉइल लागते १९० चौरस मीटर. लॅकरसकट तिचे वजन भरते जेमतेम पंधरा किलो. पाच लाख गोळ्या, पंधरा किलो फॉइल!

आता छपाईची बाजू बघा. चांगली फॉइल ग्रॅव्हूर पद्धतीने छापतात. प्रत्येक रंगासाठी पोलादी सिलिंडर, त्यावर तांब्याचा मुलामा, त्यावर कोरीव काम आणि वरून क्रोम. तीन रंग म्हणजे तीन सिलिंडर. यंत्रावर चढवून रंग जुळेपर्यंत बरीच फॉइल वाया जाते. ऑर्डर काही शे किलोंची असेल तर हा खर्च विरघळून जातो. पंधरा किलोंवर तो जड दगड होऊन बसतो. मोठ्या औषध कंपन्यांच्या राज्यांतला छपाईवाला एकाच ब्रँडसाठी यंत्र दिवसभर चालवतो. रायपूरच्या छपाईवाल्याला त्याच दिवसात चार वेळा सिलिंडर बदलावे लागतात.

त्यात सरकारी खरेदीची भर. छत्तीसगडमध्ये सरकारी दवाखान्यांसाठी औषधे घेण्याकरिता राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ आहे. अशा मालावर ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा मजकूर छापावा लागतो. म्हणजे तेच औषध, तीच मात्रा, पण फॉइल वेगळी. कंत्राट रद्द झाले किंवा पुरवठा लांबला, तर ती छापील फॉइल दुसरीकडे वापरता येत नाही. ती भंगारात जाते.

नियम बदलला की सिलिंडरही बदलतो. २०१८ मध्ये औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळक, किमान दोन फॉन्ट मोठे छापायचे ठरले. त्या वेळी देशभर नव्याने कोरीवकाम झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक तीनशे ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्या कोडमध्ये बॅच क्रमांक आणि मुदतही असते. सिलिंडर मात्र प्रत्येक फेऱ्यात तेच चित्र उमटवतो. बॅचगणिक बदलणारा कोड त्याला छापता येत नाही. त्यासाठी डिजिटल छपाईचे यंत्र जोडावे लागते. औषध कारखान्यांसाठीच्या सुधारित शेड्यूल ‘एम’मुळे पुरवठादारांची तपासणीही कडक झाली आहे. प्रत्येक रोलमागे कागदांची चळत लागते आणि ती सांभाळायला माणूस लागतो.

पैशाचे चक्रही उलटे फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. रुग्णाला त्याचा फायदाच आहे. पण फॉइल आणि पीव्हीसी फिल्मवरचा कर १८ टक्केच राहिला. औषध कंपनीने खरेदीवर भरलेला जास्तीचा कर परताव्यात अडकतो, आणि तो हातात येईपर्यंत ती पाकीटवाल्याचे बिल थांबवते. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण ज्याच्याकडे मोजकीच गिऱ्हाइके आहेत, तो कायद्याचे पुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभा राहत नाही.

छत्तीसगडच्या २०२४-३० च्या औद्योगिक धोरणात औषधनिर्मितीला प्राधान्य आहे. जमीन, अनुदान, करसवलत हे सगळे ठीक आहे. पण सरकारी खरेदीतल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांची मागची बाजू एकाच आराखड्याची ठेवली आणि नाव व मात्रा तेवढी डिजिटल यंत्राने छापू दिली, तर पंधरा किलोंच्या दहा ऑर्डरींची एक मोठी ऑर्डर होईल. त्याला जमीन लागत नाही.

आता पट्टीच्या टोकावरच्या मजकुराकडे या. बॅच आणि मुदत हा तिथला मजकूर सहसा औषध कंपनी आपल्या यंत्रावर उमटवते; फॉइलवाल्याने त्यासाठी कोरी जागा सोडायची आणि शाई धरेल असा पृष्ठभाग द्यायचा. हे किती गरजेचे आहे ते नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरांनंतर डझनाहून अधिक महिला दगावल्या. तिथे दिलेल्या औषधांवर संशय आला आणि राज्य सरकारला ती परत गोळा करावी लागली. अशा वेळी कोणती पट्टी उचलायची हे बॅच क्रमांकच सांगतो. म्हणून दुकानातून चार सुट्या गोळ्या घेताना दुकानदाराला बॅच आणि मुदत नसलेल्या टोकाकडून पट्टी कापायला सांगा, आणि ते शक्य नसेल तर दोन्ही बिलावर लिहून घ्या.